गवंड्याच्या विटांचा हिशोब

गोठ्याची भिंत कमरेइतकी झाली होती आणि गवंड्याची जीभ थापीपेक्षा जोरात चालली होती. शाळेतल्या नव्या मास्तरीणबाईंपेक्षा आपण महिन्याला जास्त कमावतो, हे तो सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होता. समोर लेक उभी होती. कॉलेजच्या अर्जावर त्याची सही हवी होती, आणि अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस होता.

"मी चौथी शिकलो. काय अडलं माझं?"

पोरगी आईवर गेलेली. ती वाद घालत बसली नाही, विटा उचलायला लागली. पाच वर्षांची एक थप्पी, आणि जेवढी कमाई तेवढ्या विटा. तुमच्या थप्प्या तुम्ही लावा, बाईंच्या शेजारी मी लावते, म्हणाली.

गवंडी खुशीत आला. पंधराव्या वर्षाला त्याने तीन विटा लावल्या, विशीला पाच, तिशीला चांगल्या आठ. मास्तरीणबाई तेव्हा शिकतच होत्या; त्यांच्या रांगेत पहिल्या दोन जागा रिकाम्या बघून तर तो पोट धरून हसला. मग आजच्या वयाशी, पंचेचाळिशीशी आला आणि गुडघा चोळत थांबला. हल्ली शिडीवर चढायला तो दुसऱ्यालाच पाठवायचा. बोलण्यात तो वाटेल तेवढ्या थापा मारी, पण विटांच्या कामात लबाडी त्याला जमत नसे. पंचावन्नला दोन ठेवल्या. साठीला एकच.

बाईंची रांग मात्र चढतच गेली आणि साठीनंतर घरबसल्याही पेन्शनच्या पाच विटांवर राहिली. त्याने दोन्हीकडून मोजलं. एकूण बाईंच्या पाच विटा जास्त भरत होत्या. त्याला राहवलं नाही, हळूच पायाने एक वीट आपल्या रांगेकडे सरकवली. लेकीने ती परत जागेवर ठेवली.

तेवढ्यात बायको भाकरी घेऊन आली. सगळं ऐकून घेतलं, आणि बाईंच्या शेवटच्या थप्पीवर ऐसपैस बसली.

"तुम्ही बसा की तुमच्या शेवटच्या थप्पीवर," ती म्हणाली.

गवंडी साठीच्या त्या एका विटेवर टेकला आणि तिथेच अडकला. गुडघे काही उठू देईनात. लेकीने एका हाताने आधार दिला, दुसऱ्या हाताने अर्ज पुढे केला. बापाला लाजही वाटली, आणि पोरीचा अभिमानही. त्याने बसल्या बसल्याच सही केली.

संध्याकाळी सुतार त्या वाटेने चालला होता. गवंड्याने त्याला हाक मारली आणि ती एकटी वीट झटकून दिली.

"बस जरा. पोरीची शाळा बंद करतोयस म्हणे? मी एक हिशोब काढलाय."