ओल पंचेचाळीसच्या आत

त्या हिवाळ्यात मोंतेविदेओच्या माझ्या घरात राज्य चाललं ते एका काळ्या तंबूचं. मधल्या खोलीत, जिथे पूर्वी जेवणाचं टेबल होतं, तिथे तो कपाटासारखा उभा होता आणि त्याच्या पोटात गांजाची सहा झाडं होती. आमच्या कायद्यात नोंद केली की घरी सहा लावता येतात; ही नोंद माझ्या नावावर. वयाच्या सासष्टाव्या वर्षी पोस्टात रांग लावून मी बोटांचे ठसे दिले. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "स्वतःसाठीच ना, आजी?" मी म्हटलं, "मग काय शेजाऱ्यांसाठी?" ती हसली. मी खोटं बोलले होते.

झाडं माझ्या मुलाची, गास्तोनची. तो दोन वर्षांपासून समुद्रापलीकडे वालेन्सियात, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात. पहिल्या नाताळला म्हणाला, तिकीट फार महाग आहे. दुसऱ्या नाताळला म्हणाला, सुट्टी मिळत नाही. त्यानंतर फोनही आटत गेले. मग फेब्रुवारीत फ्रिज पुसताना मला त्याची बियांची बाटली सापडली. दोन जातींचा संकर करून चार वर्षं खपून त्याने ते बी तयार केलं होतं. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "तुझं बी आहे अजून. मी लावते. कापणीला येशील?"

मागे भांड्यांचा आवाज होता, तो दार लोटून बाहेर आला. मग म्हणाला, "खरंच लावशील? मग येतोच, आई. ते तुरे मी दुसऱ्या कुणाला कापू द्यायचा नाही."

म्हणजे आईसाठी महाग असलेलं तिकीट झाडांसाठी स्वस्त झालं. राग आला का? आला. पण बी त्याच संध्याकाळी भिजत घातलं. हा सापळा मीच लावला आणि मीच त्यात पाय घातला, दुसऱ्या कुणाला दोष देऊन काय उपयोग?

मे महिन्याच्या अखेरीस झाडं फुलावर आली आणि माझी कैद सुरू झाली. झाडांना बारा तास दिवा, बारा तास मिट्ट काळोख. रात्री दिव्याची ऊब मिळावी म्हणून आम्ही त्यांचा दिवस रात्री केला आणि रात्र दिवसा. दिवा विझला की तंबूत ओल चढते, म्हणून सकाळी आठ ते संध्याकाळी आठ मी बांधलेली. ओल शोषणारं यंत्र शेजारी घुरघुरत असायचं. त्याची बादली पाच तासांत भरायची, आणि भरली की यंत्र आपोआप बंद. मोंतेविदेओच्या जुलैत, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, भिंतींना घाम फुटतो, चादरी ओल्या लागतात, मीठ दगड होतं. अशा हवेत यंत्र तासभर बंद राहिलं तर संपलंच.

आणि तंबूत टांगलेली ती मेली डबी! ओल किती टक्के, हे ती थेट गास्तोनच्या फोनवर कळवायची. सातासमुद्रापलीकडून त्याला माझ्या घरात भांड्यावर झाकण आहे की नाही तेही समजायचं.

"म्हातारे, बावन्न झालंय! काय चाललंय तिकडे?"

"बटाटे उकडतेय. जेवू की नको?"

"उकडू नकोस, भाज."

"तू जन्मायच्या आधीपासून मी या घरात बटाटे उकडतेय."

"आई, आता फुलं दाट झालीत. आत ओल शिरली की बुरशी. पंचेचाळीसच्या आत ठेवायचं म्हणजे ठेवायचं. उबेची शेगडी पेटवली नाहीस ना?"

नव्हती पेटवली. जळता गॅस हवेत पाणी सोडतो, म्हणून भर थंडीत मी दोन स्वेटर आणि नवऱ्याचा जुना कोट घालून बसत असे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, कोट मात्र कामाला आला. कपडे वाळवायला वर मिर्ताच्या गच्चीवर. मिर्ता माझी वरची शेजारीण. नवऱ्याबरोबर गच्चीत पिंपांमधून गांजाची तीन झाडं लावते, तीस वर्षं, कायदा यायच्या कितीतरी आधीपासून. दर गुरुवारी तिच्याकडे पत्त्यांचा डाव असतो. मी दोन महिने गेले नाही. जिन्यात भेटली की म्हणायची, "काय गं, जन्मठेप की सश्रम?"

"दिवसाला सहा फोन येतात मला," मी म्हणायचे. "तुला किती येतात?"

हे मात्र खरं होतं. दोन वर्षांत बोलला नसेल इतका तो त्या दोन महिन्यांत बोलला. सगळं झाडांबद्दल, पण आवाज त्याचाच होता ना. कधी मधेच म्हणायचा, "आज चाळीस जणांचं मटण जळलं माझ्या हातून." तेवढ्यासाठी मी बादल्या ओतत होते.

खतपाण्याचंही त्याने लिहून दिलं होतं. हिरव्या झाकणाची बाटली तिसऱ्या आठवड्यापर्यंत, मग लाल झाकणाची, आणि आठव्यापासून फक्त साधं पाणी. पाणी कधी द्यायचं? कुंडी उचलून बघायची. हलकी लागली की द्यायचं. मला ते खाणं फार तुटपुंजं वाटायचं. फुलावर आलेल्या बाईला कुणी असं मोजून वाढतं का? म्हणून मी आपल्या मनाने भर घातली. दिवसभर तंबूशेजारी बसून मी येर्बा, म्हणजे आमचा कडवट पानांचा चहा, पीत असे. थर्मासमधलं पाणी तुंब्यात ओतायचं, नळीने ओढायचं, दुसरा उद्योग नव्हता. पानांचा रस गेला की चोथा कुंडीत. माझ्या आईने आयुष्यभर जिरॅनियमना तेच घातलं, तिच्या आईनेही. या शहरात एक कुंडी दाखवा जिच्यात येर्बाचा चोथा नाही. गास्तोनला सांगायचं मला सुचलंसुद्धा नाही, श्वास घेतला हे कुणी सांगतं का?

जुलैच्या अखेरीस तो म्हणाला, "आई, फोटोत पानं अजून काळीभोर हिरवी कशी? एव्हाना पिवळी पडायला हवीत. काही जास्तीचं घातलंस का?"

"तू सांगितलंस तेवढंच."

"मग ठीक. शुक्रवारी पगार झाला की तिकीट काढतो. चौदा ऑगस्टला घरी."

घरी म्हणाला. तो शब्द मी दिवसभर तोंडात घोळवत होते.

मंगळवारी सकाळी, दिवा विझायच्या जरा आधी, मी तंबूची चेन उघडून नेहमीसारखी नजर फिरवली. मधल्या झाडाच्या सगळ्यात जाड तुऱ्यातून एक पिवळं पान डोकावत होतं. धरलं तर ते अलगद हातात आलं. मी तुरा बोटांनी फाकवला. आत करडी लव, आणि फूल कुजून तपकिरी. दुसरा तुरा फाकवला, तेच. वाकून कुंडीत पाहिलं तर चोथ्याच्या थरावर पांढरी बुरशी पसरलेली आणि त्याखाली माती चिखल झालेली. डबी वर दिव्याजवळ टांगलेली. ती बिचारी इमानाने चव्वेचाळीस सांगत होती. ओल खाली होती, मी माझ्या हातांनी घातलेली.

मी तशीच कोटात वर धावले. मिर्ता खाली आली, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, सहाही झाडं फिरवून बघितली.

"चोथा घातलास?"

"तू घालत नाहीस?"

"घालते. उघड्या गच्चीत, वाऱ्यात. बंद पेटीत नाही गं, बाई." ती खुर्चीत बसली. "चार गेली. दोन झाडांचं वरचं तेवढं वाचेल. आज काप, परवापर्यंत सगळं करडं होईल."

"शुक्रवारी तो तिकीट काढतोय, मिर्ता."

तिने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. तिला दोन्ही नाताळ माहीत होते. दुसऱ्या नाताळला मी केलेला केक तिनेच अर्धा संपवला होता.

आम्ही कापलं. सडलेलं सगळं पिशव्यांत बांधलं, चांगलं होतं ते तिच्या कपाटात उलटं टांगलं. दुपारपर्यंत तंबू रिकामा झाला. मग मी फोन घेऊन बसले. त्याचं नाव काढलं, पाहिलं, बंद केलं. पुन्हा काढलं. काय सांगणार होते? झाडं गेली, तरी ये? आणि तो म्हणाला असता, बघू गं, नाताळला बघू. ते मला ऐकवलं नसतं. इकडे आड आणि तिकडे विहीर.

मी फोन ठेवला आणि रात्री आठला रिकाम्या तंबूत दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन. "म्हातारे, चौतीस! एवढं कोरडं? यंत्र जास्त चाललंय का?"

झाडंच नाहीत म्हटल्यावर हवा कोरडीच होणार. "जरा जास्त चाललं असेल," मी म्हटलं. "बघते." यंत्र बंद केलं तर आकडा साठावर उडाला, म्हणून ते पुन्हा लावलं आणि न्हाणीघरातले दोन टॉवेल भिजवून तंबूत टांगले. दोन महिने ज्या पाण्याशी भांडले तेच आता घागरीने आत नेत होते. टॉवेल पिळून पिळून आकडा पंचेचाळीसवर आणायला मला दुपार लागली. त्याने फोटो मागितला, मी आधीच्या गुरुवारचा पाठवला. "राणी आहे ती मधली," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो." इतकं लाजिरवाणं मला कधी वाटलं नव्हतं, आणि तरी मी टॉवेल पुन्हा भिजवायला उठले.

शुक्रवारी संध्याकाळी त्याचा आवाज वेगळाच होता. "काढलं, आई! चौदाला सकाळी उतरतो. पैसे परत मिळणारं घेतलं नाही, स्वस्तातलं आहे. आता रद्दही करता येणार नाही."

"नकोच करूस," मी म्हटलं. "खायला काय करू?"

"उकडलेले बटाटे," तो हसला. "आणि ओल सांभाळ."

मिर्ता समोरच बसली होती. फोन ठेवल्यावर तिने मान हलवली. "नेलिदा, अजून दोन आठवडे हे टॉवेलचं नाटक करणार? आणि तो येऊन चेन उघडेल तेव्हा?"

"ओरडेल."

"चार वर्षांचं बी होतं त्याचं. घर डोक्यावर घेईल तो."

"घेऊ दे," मी म्हटलं. "दोन वर्षांत माझ्यावर कुणी समोर उभं राहून ओरडलेलं नाही."