सुईनं मारलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. साचा म्हटलं की तुम्हाला करंज्या नाहीतर मोदक आठवतील. माझ्यावर मात्र विमानाच्या पंखाच्या बरगड्या घडल्या. त्यांना रिब म्हणतात. अंगानं मी सागवानी, चार फूट लांब, पुढे गोल आणि मागे माशासारखा निमुळता. भिलाईच्या वैशाली नगरात देवराव मेश्राम यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी खिळ्याला टांगलेला असतो. कोणी फारसं विचारत नाही. तरी माझी गोष्ट ऐका, कारण ती माझ्याशिवाय आणखी एकालाच पूर्ण ठाऊक आहे.

मी आधी देवरावांच्या बायकोच्या, ललिताबाईंच्या दिवाणाची फळी होतो. देवरावांनी पोलादाच्या प्लांटमधल्या मशीन शॉपमध्ये छत्तीस वर्षं लोखंड कापलं आणि निवृत्त झाले. त्यांची मुलगी संघमित्रा पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. ती विमान चालवायला शिकली आणि दोन माणसांचं छोटं विमान घरीच बांधायचं तिनं मनावर घेतलं. मग बापलेकीनं मिळून दिवाण मोडला. देवरावांनी मला कापलं, घासलं, माझी कड कानसीनं गोलसर केली. कड धारदार राहिली तर तिच्यावरून वळताना पत्रा तडकतो. माझ्यासारखाच, थोडा लहान, एक जोडीदारही त्यांनी केला. आम्हा दोघांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा घालून बोल्ट आवळायचे आणि बाहेर राहिलेली कड लाकडी हातोडीनं हळूहळू माझ्या अंगावर वळवत न्यायची. अशा अठ्ठावीस रिबा करायच्या होत्या.

कॉलेजला निघताना संघमित्रानं बजावलं होतं, "बाबा, या पत्र्यावर स्क्राइबर चालवू नका. ओरखडा राह्यला तर पत्रा तिथूनच फाटते. स्केच पेननं खुना करा."

"हो," देवराव म्हणाले. ती फाटकाबाहेर गेली आणि त्यांनी खिशातून स्क्राइबर काढला. पोलादी टोकाची ती सुई. लोखंडावर खूण करायची तर सुईनंच, हे त्यांच्या हाताला इतकं मुरलेलं होतं की स्केच पेन धरायची त्यांना लाज वाटायची.

"एवढी जाडी रेघ! याले रेघ म्हन्तेत का?" असं पुटपुटत त्यांनी पत्र्यावर जोडीदाराच्या कडेनं सुई फिरवली. रेघ केसासारखी बारीक उमटली, बरोबर पत्रा वळणार होता तिथं.

ललिताबाई चहा घेऊन आल्या. "पोरगी सांगून गेली ना? मंग कावून तेच करून राहिले?"

"छत्तीस वर्षं लोखंड कापलं मी. मले शिकवू नको व."

अशा सहा रिबा झाल्या. पुढच्या रविवारपासून संघमित्रा स्वतः शेजारी बसू लागली आणि देवरावांनी गुपचूप स्केच पेन उचललं. सगळ्या रिबांवर हिरवट रंग चढला, त्या पंखात रिव्हेटनं, म्हणजे ठोकून बसवायच्या बिनआट्यांच्या खिळ्यांनी, पक्क्या बसल्या आणि सुईच्या रेघा दिसेनाशा झाल्या. शेजारीपाजारी येऊन रिबांवरून हात फिरवायचे, वाहवा करायचे. कौतुक मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू? पण त्या सहांची आठवण झाली की माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

पंख झाकायचा रविवार ठरला. आदल्या संध्याकाळी संघमित्रा हात पुसत म्हणाली, "उद्या वरचा पत्रा बसला का आतलं कोनालेच दिसनार नाही, बाबा. टेन्शन खतम!"

ती घरात गेली आणि देवराव जागचे हलेनात. मग त्यांनी रद्दीतल्या पत्र्याच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर सुईनं रेघ मारली, दुसरी कोरी ठेवली. माझ्या कडेवर धरून दोन्ही खालीवर वाकवू लागले. रेघेची पट्टी तिसऱ्या खेपेला मोडली, अगदी रेघेवरून. कोरी पट्टी आठव्यापर्यंत टिकली. देवरावांनी मोडलेल्या पट्टीचे दोन तुकडे खिशात टाकले आणि दिवा न मालवताच ते आत गेले.

सकाळी संघमित्रा आणि तिचा सहकारी निखिल यांनी पत्रा उचलून पंखावर ठेवला. छिद्रं जुळली. पहिला रिव्हेट बसला, दुसरा बसला. देवराव भिंतीला टेकून उभे होते, खिशातला हात बाहेर काढत नव्हते. मित्रांनो, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. मी इथंच होतो, मी पाहिलं होतं, पण लाकडाचं कोण ऐकतं? तिसरा रिव्हेट बसला.

"थांब व, संघू."

तिनं वर पाहिलं. देवरावांनी तुकडे तिच्यापुढे धरले. "सुरुवातीच्या सहा रिबांवर मी सुई चालवली हाय."

"कोनत्या सहा?"

"याद नाही. वरून रंग मारला ना."

संघमित्रा जमिनीवरच बसली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी याच्यात बसनार होती, बाबा."

"म्हनूनच सांगून राहिलो."

"काल कावून नाही सांगितलं?"

"लाज वाटली." एवढं बोलून देवराव रडले. आयुष्यभर ज्या हातांचा अभिमान बाळगला, ते हात त्यांनी पाठीमागे लपवले होते.

संघमित्रानं डोळे पुसले, तीन रिव्हेट काढून पत्रा उतरवला, थिनरचा डबा उघडला आणि बापाच्या हातात फडकं दिलं. तिघांनी एकेका रिबेच्या कडेचा रंग पुसून भिंगातून पाहायला सुरुवात केली. दुपारपर्यंत पाच सापडल्या. सहावी काही केल्या मिळेना. निखिल म्हणाला, "अंकल, शायद पाच ही थीं." देवराव मानेनंच नाही म्हणाले आणि पुन्हा पहिल्या रिबेपासून लागले. शेवटी ती सापडली, पंखाच्या बुडाशी, जिथं सगळ्यात जास्त जोर येतो तिथं. तिच्या रेघेवर नखाएवढा तडा गेलेला होता. विमान अजून शेडबाहेरही निघालं नव्हतं.

संघमित्रानं तड्यावरून बोट फिरवलं. "साचा काढा, बाबा," ती म्हणाली. "पुन्हा ठोकू."

देवरावांनी मला खिळ्यावरून उतरवलं. त्या सहा रिबांचे रिव्हेट काढायला दोन महिने गेले. माझी कड झिजली होती, ती त्यांनी पुन्हा घासून गोल केली, आणि स्केच पेनची जाडी रेघ मारत सहा नव्या रिबा घडवल्या.

आता पंख झाकलेला आहे. विमान उडवायच्या परवानगीची कागदपत्रं अजून चालू आहेत. माझ्या शेजारच्या खिळ्याला ती तडकलेली रिब टांगलेली आहे. कोणी पाहुणा आला की देवराव आधी तीच दाखवतात आणि म्हणतात, "हे मी केलं." माझ्यावरची धूळ पुसायचं मात्र त्यांच्या लक्षात राहत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण राग येत नाही.

मित्रांनो, तुमच्या हातूनही कुठंतरी अशी रेघ ओढली जाईल, आणि वरून रंग मारला की ती कोणाला दिसणार नाही. पत्रा बसायच्या आत सांगून टाका. मला तोंड नव्हतं, म्हणून मी तीन रिव्हेट बसेपर्यंत गप्प राहिलो. तुम्हाला तोंड आहे.