सुभेदाराची शिस्त

"कुत्रा म्हणजे मालकाच्या चारित्र्याचा आरसा!" निवृत्त हेडमास्तर राधाकृष्णरावांनी शिरड शहापूरच्या रस्त्यावर गाडीत जाहीर केलं. तेव्हा त्यांच्या चारित्र्याचा आरसा मागच्या सीटवर त्यांच्या बायकोची, म्हणजे प्रेमाबाईंची, चप्पल चावत बसला होता.

आरशाचं नाव सुभेदार. पुण्यात नोकरी लागली तेव्हा लेकीनं, अनुश्रीनं, त्याला हिंगोलीला आईबाबांकडे ठेवलं होतं. आता ती न्यायला आली होती. "घेऊन जा बाई, कटकट जाईल," असं राधाकृष्णराव गल्लीभर सांगून आले होते आणि सकाळपासून त्यांना चहा गोड लागत नव्हता. सुभेदार इथंच कसा शहाणा झालाय हे आज दाखवायचं, म्हणजे पोरगी आपणहून म्हणेल, राहू द्या.

जेवायला गाडी थांबली ती वैजनाथ नावाच्या शेतकऱ्याकडे. त्यानं आपल्या शेतातच मांडव घालून हॉटेल काढलं होतं. शेतातलं थेट ताटात. घरी अंबाडीची भाजी दिसली की तोंड वाकडं करणारे राधाकृष्णराव इथं पाटीवर तिचं नाव वाचून "वा!" म्हणाले.

"कुत्र्याची तकलीफ न्हाई," वैजनाथ म्हणाला. "बराबर बसवा म्हंजे झालं."

"बस!" राधाकृष्णरावांनी फर्मावलं. सुभेदार बसला. त्यांनी लेकीकडे असं पाहिलं, जणू शाळेचा निकाल शंभर टक्के लागलाय.

पंगत बसली. ताटं आली.

"आज चित्राहुती नाही घालायच्या?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"बाहेर नाही घातल्या तरी चालतं," ते घाईनं म्हणाले. कारण घरी ताटाभोवती पाणी फिरवून देवाच्या नावानं बाहेर ठेवलेले घास ते रोज गुपचूप सुभेदाराला घालत. तूप लावून.

पण समोर बसलेले पुसेगावचे उकंडराव होते देवभोळे. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, पहिला घास बाहेर ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले. सुभेदार उठला.

"सुभेदार, बस!"

सुभेदारानं मालकाकडे असं पाहिलं, जणू हा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता. घास गेला. उकंडरावांनी डोळे उघडले, दुसरा ठेवला. तोही गेला.

"देवानं इतक्या झटकन निवद खाल्लेला आमी पयल्यांदाच बघून राहिलो!" उकंडराव म्हणाले. मांडव हसला. सुभेदार त्यांच्या मांडीवर ऐसपैस पसरला.

"बाबा, हे कुणी शिकवलं?"

"दुसरं कोण?" प्रेमाबाई भाकरी मोडत म्हणाल्या. "मला काय तुपाचा डबा दिसत नाही?"

अनुश्रीनं कपाळाला हात लावला. "याला सोसायटीत नेलं तर लोक मलाच बाहेर काढतील. राहू दे इथंच."

राधाकृष्णरावांना उडी मारावीशी वाटली. गुडघ्यांनी नकार दिला. मग त्यांनी निरोप समारंभाचा आवाज लावला.

"बापाचं कर्तव्य कठोर असतं, बेटा. तुझ्या सुखासाठी उरलेलं आयुष्य मी..."

"गुरुजी," उकंडराव अदबीनं म्हणाले, "तुमचं चालू द्या. फक्त याला जरा माझ्या मांडीवरून उठवता का? पायाला मुंग्या येऊन राहिल्या."