कस्तुरीच्या फोनची नोंद

आमच्या कंपनीचे इंटरनेटवरचे फोन माझ्या ताब्यात. प्रत्येक फोन तासातासाला सर्व्हरला हजेरी देतो: मी चालू आहे, या पत्त्यावर आहे. त्या नोंदीवरूनच कॉल कुठं पाठवायचा ते सर्व्हरला कळतं.

माझी बायको कस्तुरी आमच्याच हेल्पलाइनवर, घरून काम करते. त्या दिवशी बनशंकरीत आमच्या घरचं नेट बंद पडलं, म्हणून ती मल्लेश्वरमला अक्काकडे गेली. अकराला तिला परदेशातल्या ग्राहकाचा फोन येणार होता. तो नीट पार पडला की ती टीमची प्रमुख. तिनं उचलला नाही तर कॉल तिच्याच टीममधल्या निहारकडे जाणार. हा निहार मूळचा पुण्याचा, गोड बोलणारा. जेवताना तिच्या तोंडी त्याचंच नाव असतं आणि मला घास गिळवत नाही.

साडेदहाला मी यादी उघडली. कस्तुरी आणि निहार, दोघांचा पत्ता एकच. अंगाची लाही लाही झाली. म्हणे अक्काकडे जाते! मी तिची नोंद पुसून टाकली. बस म्हटलं आता.

नोंद पुसलेली फोनला कळत नाही. पुढच्या हजेरीपर्यंत त्यावर हिरवी खूण तशीच राहते. फक्त तो वाजत नाही. आणि तिची पुढची हजेरी अकरानंतरच होती.

अकरा वाजून गेल्यावर माझं डोकं ताळ्यावर आलं. मोबाइलचं नेट वापरणारी शेकडो माणसं सर्व्हरला एकाच पत्त्यावर दिसतात. नव्या लोकांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवतो. चौकशी केली, तर निहार शहराच्या दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरला स्वतःच्या घरी होता, कस्तुरीसारखाच मोबाइलच्या नेटवर.

संध्याकाळी कस्तुरी आली ती रडून डोळे सुजलेली. खूण हिरवी होती, पण फोन एकदासुद्धा वाजला नाही, म्हणाली. कॉल निहारनं घेतला, प्रमुखपदही त्यालाच मिळालं. पण त्यानं साहेबांना सांगितलं होतं, दोष सर्व्हरचा असेल तर ही जागा कस्तुरीची. तेवढं लेखी मागवा.

"किती मोठ्या मनाचा आहे रे तो," ती म्हणाली. "तू लिहून दे. आता सगळं तुझ्या शब्दावर आहे."

खरं लिहिलं तर माझी नोकरी जाईल, ही भीती होतीच. पण त्याहून जास्त झोंबला तो त्याचा चांगुलपणा. त्यानं द्यायचं, हिनं घ्यायचं, आणि मी जन्मभर त्याचं कौतुक ऐकायचं?

ती चहा ठेवायला आत गेली. मी लॅपटॉप उघडून साहेबांना लिहिलं: सर्व्हर तपासला. कोणताही दोष आढळला नाही.