सुंदरची साक्ष

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाला सहकारी सोसायटीचा चारा डेपो मिळाला, आणि तो कुणाच्या ताब्यात राहायचा यावरून भगवानराव आणि विठ्ठलराव यांच्यात वैर पेटलं. खरं तर ते व्याही होणार होते. भगवानरावांची लेक सुंदर विठ्ठलरावांच्या धोंडीरामला दिलेली, सुपारीही फुटली होती. सुंदरचा भाऊ राधाकिशन आणि धोंडीराम एकाच तालमीत, नबी वस्तादांच्या हाताखाली घडलेले. राधाकिशन त्याला लग्नाआधीच दाजी म्हणायचा.

एका सकाळी डेपोवर राधाकिशननं विठ्ठलरावांना चारचौघांत चाराचोर म्हटलं. धोंडीराम पुढं आला.

“शब्द मागं घे, राधाकिशन.”

“न्हाई घेत. लई लागलं आसंल तर आखाड्यात ये.”

“तू सुंदरचा भाऊ हायस. तुज्यासंगं मी लढणार न्हाई.”

“लढणार न्हाई, का भ्यालास बे?”

धोंडीरामनं सदरा उतरवला.

नबी वस्ताद धावत आले. पाण्यावाचून डेपोशेजारच्या आखाड्याची माती दगड झाली होती. “हितं कुस्ती होणार न्हाई,” ते ओरडले, “जीव जाईल कुणाचा तरी!” राधाकिशन त्यांच्या पाया पडला आणि उठून त्यानं त्यांना हळूच बाजूला सारलं.

बघता बघता गाव गोळा झालं. चारा न्यायला आलेल्या बायकांत सुंदरही उभी होती. दोघं असे भिडले की वैरानं फुटलेलं ते गाव क्षणभर एकच झालं, डाव कुणाचा हे न बघता वाहवा करायला लागलं. धोंडीरामनं ढाक मारून त्याला उचलून आपटलं. राधाकिशन मानेवर पडला, तो उठलाच नाही.

“ऊठ की रे,” त्याचं डोकं मांडीवर घेऊन धोंडीराम म्हणत राहिला. मग तो आपल्या पायांनी पोलिसांत हजर झाला.

धोंडीरामनं गळा दाबून खून केला असं सांगणारे साक्षीदार भगवानरावांनी उभे केले. लेकीलाही तेच सांगायला बजावलं.

बीडच्या कोर्टात सुंदर ताठ उभी राहिली. “माज्या भावानंच ललकारलं. त्यो सरळ लढला, अन् लढतानाच गेला. गळा दाबून मरंल एवढा दुबळा माजा भाऊ नव्हता.”

धोंडीराम सुटला. कोर्टाबाहेर तो तिच्यासमोर खाली मान घालून थांबला.

“तुमच्यावर राग न्हाई माजा,” सुंदर म्हणाली. “पर त्या हातानं कुंकू लावून घेणं मला जमायचं न्हाई.”

तो त्याच दिवशी परळीला निघून गेला. कुस्ती त्यानं पुन्हा खेळली नाही.

भगवानराव एसटी स्टँडपर्यंत लेकीच्या दहा पावलं पुढं चालत राहिले. पण तिचं तिकीट त्यांनीच काढलं. गाडीत शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “पोरगी कोण म्हणायची, पाव्हणं?”

“माजी लेक,” भगवानराव मान वर करून म्हणाले. “राधाकिशन पैलवानाची बहीण.”