खिळ्यावरची चावी

मी लेथ बोलतोय, लोखंड कातणारा. हो, तोच, ज्याच्या अंगावर तुम्ही चहाचे ग्लास ठेवता आणि वर म्हणता, हा डाग कसला पडला? जळगावात रेल्वेफाटकापलीकडे जिनिंगच्या भिंतीला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिच्या मधोमध मी उभा आहे. उद्या ट्रक येईल आणि मला धुळ्याला घेऊन जाईल. नव्या मालकाने माझी लांबी-रुंदी मोजून नेली आहे. जे टेपने मोजता येत नाही ते आजच सांगून टाकतो, कारण ट्रकमध्ये चढलेल्या लोखंडाचं कोणी ऐकत नाही.

माझा जन्म पंजाबातला, बटाल्याचा. पासष्टच्या लढाईच्या आधी मला लाकडी खोक्यात बसवून मालगाडीत चढवलं. जळगावला उतरलो तो ऐन वैशाखात. ऊन मी पाहिलं नव्हतं असं नाही, पण इथलं पत्र्याखालचं ऊन काही औरच. दुपारी माझ्या पाठीवर हात ठेवणारा माणूस आईची आठवण काढूनच हात उचलायचा.

मला आणलं भंवरलालशेठनी. मूळ घराणं मारवाडचं, गावात लोखंडी सामानाचं दुकान. शेठच्या बोटांना कधी तेल लागलं नाही, पण डोक्यात कल्पना फार. त्यांनी सामाईक कारखाना काढला. शेड आणि मशीन शेठचं, काम ज्याचं त्याचं, वार वाटून घेतलेले. चुडामण यावलकडचा, तो केळीच्या बागांतले पंपांचे शाफ्ट घेऊन यायचा. तोताराम ऑइल इंजिनवाला. उरलेल्या दिवसांत जिनिंगचे रोलर. आता बारभाईंच्या कारभारात मशीनचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. माझं तसं झालं नाही, कारण या सगळ्यांच्या डोक्यावर एक माणूस होता. झुलाल मिस्तरी, पारोळ्याकडचा.

मला बसवलं झुलालने. बाकीच्यांना वाटत होतं, खोकं फोडा, पट्टा चढवा आणि चालू करा. झुलालने आधी पाया वाळू दिला. मग माझ्या पाठीवर पाणसळ ठेवून तो डोळा बारीक करून बसला. काचेतला बुडबुडा इकडे सरकला की या पायाखाली पत्र्याची चकती, तिकडे सरकला की त्या पायाखाली. पुन्हा ठेव, पुन्हा बघ. शेठ येऊन-जाऊन कंटाळले.

"अरे झुलाल, मशीन बसवतोस की सून बघतोस?"

"सून वाकडी निंघनी ते एकच घर वाकडं व्हस, शेठ," झुलाल मान वर न करता म्हणाला. "हाऊ लेथ वाकडा बठना ते बठ्ठं काम वाकडं."

मला तो तिथेच आवडला. पुढे कितीतरी वर्षं त्याने मला चालवलं, पण खरं सांगायचं तर चालवलं म्हणण्यापेक्षा ऐकलं. हत्यार कामाला लागलं की माझ्या आवाजावरून त्याला कळायचं, धार गेली की पट्टा ढिला झाला. लोखंडाचा निळा कीस पायाशी पडत राहायचा आणि तो मान किंचित तिरपी करून उभा असायचा.

त्याचा एक नियम होता. माझ्या तोंडाशी चक असतो, कामाचा तुकडा पकडणारा गोल जबडा. त्याच्या कडेला चार चौकोनी भोकं. त्यात चावी घालून पिळली की जबडा आवळतो. चांगली हातभर नाही तरी वीतभर लांब, आडव्या मुठीची चावी. ती भोकात राहिली आणि चक फिरला, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. म्हणून झुलालने भिंतीवर एक खिळा ठोकला होता.

"चावी खिळावर, मंग हात दांडावर," तो म्हणायचा. दांडा म्हणजे मला फिरवणारा. "जो चावी चकमां इसरना, त्यानी मना मशीनले हात लावाना नही."

एकदा चुडामण विसरला. सुरू करण्याआधीच झुलालच्या नजरेला पडलं, चक फिरला नव्हता, म्हणून एका वारावर निभावलं. झुलालने त्याला त्याच पावली परत पाठवलं. यावलहून बसने आलेला माणूस, डोक्यावर शाफ्ट घेऊन तसाच परत गेला. पुढच्या वारी आला तेव्हा आधी खिळ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "आता मले झोपेत बी चावी दिसते, भाऊ."

दसऱ्याला माझी पूजा व्हायची. झुलालच्या घरची रीत अशी की त्या दिवशी हत्याराला विश्रांती, हात लावायचा नाही. सकाळी तो मला पुसायचा, हळदकुंकू वाहायचा. हार मात्र माझ्या गोल चकावर टिकायचा नाही, घसरून खाली यायचा. मग तो हार माझ्या पाठीवर आडवा ठेवून द्यायचा. मला त्याचं काही वाटत नसे.

एका वर्षी पूजेला त्याची बायको आली, झुंबरबाई. आपल्या घरची चूल ज्याच्यावर पेटते त्याला एकदा डोळे भरून पाहावं, असं तिच्या मनात होतं. झेंडूचा हार तिने स्वतः ओवला होता, चांगला मनगटाएवढा जाड. झुलाल बाहेर आपट्याची पानं आणायला गेला होता. तिने हार घातला, घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला.

"ह्या गोल चाकवर हार टिकस नही," ती स्वतःशीच म्हणाली. "देवले खुटी कोठे शे?"

मग तिला खिळ्यावरची चावी दिसली. चावीचं तोंड चौकोनी, माझी भोकं चौकोनी. तिने ती मागच्या बाजूच्या भोकात घातली, घट्ट बसली. तिच्यावर हार अडकवला, पुढे आणून सोडला. झेंडूखाली सगळा चक झाकून गेला. ती दोन पावलं मागे सरली आणि इतकी हसली, की नव्या नवरीला दागिने घालून झाल्यावर सासूसुद्धा तशी हसत नसेल. मी ओरडत होतो. पण माझा आवाज चक फिरला तरच निघतो, याला काय करणार?

एवढ्यानेही काही बिघडलं नसतं. दिवसभर मी उभा राहिलो असतो, दुसऱ्या दिवशी झुलालने हार उतरवताना चावी पाहिली असती आणि घरी जाऊन बायकोला हसला असता. पण झुलाल पानं घेऊन परतला, चुडामण आणि तोताराम पूजेला आले, आणि त्यांच्यामागून भंवरलालशेठही आले, नवीन धोतर नेसून. त्यांच्या घरची रीत नेमकी उलटी. शुभ घडीला धंद्याला हात लागला पाहिजे, तराजू हलला पाहिजे, चाक फिरलं पाहिजे.

"झुलाल, मुहूर्त कर. एक फेरा फिरू दे."

"आज तेले सुटी शे, शेठ. दसराले आम्ही हत्यारले हात लावतस नही."

"अरे एकच फेरा! माँजींनी निरोप दिलाय. वर्षभर बरकत राहते."

झुलाल घुटमळला. शेठचा मान, त्यात म्हाताऱ्या आईचं नाव. त्याने सवयीने खिळ्याकडे पाहिलं असतं, पण खिळ्यावर झुंबरबाईने आंब्याच्या डहाळीचं तोरण बांधलं होतं. चकावरून हात फिरवला असता, पण पूजा झालेल्या देवाच्या अंगावरची फुलं चाचपायची कशी? त्याने मला नमस्कार केला आणि दांडा ओढला.

चावी सुटली ती त्याच्या उजव्या डोळ्यावर बसली.

झेंडू शेडभर उडाला. झुंबरबाईच्या हातातलं आरतीचं ताट खाली पडलं. शेठ, चुडामण, तोताराम सगळे झुलालकडे धावले. ती तेवढी जागच्या जागी उभी राहून जमिनीकडे बघत होती, जिथे फुलांच्या ढिगात चावी पडली होती. मला वाटलं, बिचारी आपल्या हाराकडे बघते आहे.

"चावी चकात?" चुडामणला विश्वास बसेना. "कोणं ठेवली?"

झुलालने चेहरा दोन्ही हातांनी धरला होता. बोटांमधून रक्त येत होतं. त्याचा चांगला डोळा क्षणभर माझ्याकडे, त्या तुटलेल्या हाराकडे आणि मग बायकोकडे गेला. त्याला सगळं कळलं. माझा आवाज ऐकून धार ओळखणारा माणूस तो, त्याला एवढं कळणार नाही?

"मीच," तो म्हणाला. "चावी मीच चकमां इसरी गऊ."

डोळा वाचला नाही. पट्टी सुटल्यावर तो शेडमध्ये आला, चावी उचलली, पुसली आणि खिळ्याला अडकवली. शेठ म्हणाले, एक डोळा पुष्कळ आहे, उद्यापासून ये. त्यांचं मन त्यांना खात होतं, मुहूर्ताचा हट्ट त्यांचाच होता.

"नियम मना शे, शेठ."

"नियम तू केलास, तूच मोड. मशीन माझं आहे."

"आज मी नियम मोडसू, ते उद्या चुडामण मोडी. मंग कोनाना तरी जीव जाई."

आणि त्याने माझ्या पाठीवर एकदा हात फिरवला. त्यानंतर त्याने मला कधी चालवलं नाही. दुसऱ्या कारखान्यांत त्याला कोणी ठेवलं नाही. जळगाव तेव्हा केवढं? चावी विसरणारा मिस्तरी, ही गोष्ट पानाच्या टपरीपर्यंत पोचली होती. ज्या नावावर तो जगला ते नावच गेलं. शेवटी शेठनी त्याला याच शेडवर राखणदार म्हणून बसवलं. म्हणजे तो रोज माझ्यासमोर, दाराशी स्टुलावर, आणि माझ्यावर कोणी तरी उपरा. त्या उपऱ्यांनी माझ्या पाठीवर हातोडे ठोकले, हत्याराची धार गेली तरी मला ओरडायला लावलं. माझा आवाज बिघडला की स्टुलावरचा माणूस मान तिरपी करायचा. उठायचा मात्र नाही.

झुंबरबाई दुपारी त्याची भाकरी घेऊन यायची. मला तिचा राग यायचा. खोटं कशाला बोलू, फार राग यायचा. हिच्यापायी माझा मिस्तरी गेला आणि हिला पत्ताही नाही, खुशाल लोणचं वाढते आहे. एकदा तिच्यादेखत चुडामण हळहळला, "एवढा जाणता माणूस, अन् चावी विसरला!" तिने फडकं सोडता सोडता मान वर केली, तोंड उघडलं. पण झुलालने तिला बोलूच दिलं नाही. "चूक मनी व्हती. सोड तो इषय," तो म्हणाला, आणि तिने मुकाट्याने भाकरी पुढे केली.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, पंपांची कामं थांबली. मग चुडामणने यावललाच लहानसं दुकान टाकलं, तोतारामचा मुलगा नाशकाला गेला. पट्टा कोणी बदलायचा, तेल कोणी आणायचं, सगळं भिजत घोंगडं. शेठही थकले. परवा त्यांनी माझा सौदा केला आणि जाताना माझ्याकडे न बघता गेले.

आज दसरा. सकाळी झुलाल ट्रकसाठी फाटकाकडच्या वाटेवरचे दगड बाजूला करत होता. झुंबरबाई एकटी आत आली, हातात झेंडूचा हार. मी मनात म्हटलं, आली बाई पुन्हा.

तिने हार लगेच घातला नाही. आधी ती खिळ्यापाशी गेली, चावी तिथे आहे ना ते हात लावून पाहिलं. मग माझ्याजवळ आली. चकाच्या पहिल्या भोकात तिने बोट घातलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मागच्या भोकापाशी तिचं बोट थांबलं. बराच वेळ ते तिथेच होतं.

"मनाच हातनी चूक," ती अगदी हळू म्हणाली. "पहिलाच दिनपासून माले ठाऊक शे. सांगाले गऊ का तो तोंड फिरावस. पन तेले कळू देऊ नको, बाप्पा. तेले वाटस, हिले काहीच माहीत नही. तितलंच त्याना जीवले सुख शे."

इतकी वर्षं मी तिच्यावर रागावून होतो. त्या बाईने रोज भाकरीबरोबर हे पोटात घालून आणलं होतं. लोखंडाला रडता येत नाही म्हणतात, ते बरंच आहे.

तिने हार माझ्या पाठीवर आडवा ठेवला, झुलाल ठेवायचा तसा. मग ताट घेऊन बाहेर नळावर गेली. ती गेल्यावर झुलाल आला. आधी चावीकडे पाहिलं. मग त्यानेही माझ्या चकाच्या भोकांत एकेक बोट घातलं, मागच्या भोकापाशी तोही थांबला. बाहेर भांड्याचा आवाज झाला तसा त्याने पटकन हात काढून धोतराला पुसला.

"पूजा व्हयनी का?"

"व्हयनी."

"चाल मंग घर."

धुळ्याचे मालक, माझी एवढीच विनंती आहे. मला बसवताना पाणसळ लावा, घाई करू नका. मला जागेवर ठेवण्याआधी भिंतीत एक खिळा ठोका. आणि पुढच्या दसऱ्याला जळगावच्या बसने एक एकाक्ष म्हातारा आणि त्याची बायको झेंडूचा हार घेऊन आली, तर त्यांना अडवू नका. फक्त दोघांना माझ्याजवळ एकदम येऊ देऊ नका. आधी एकाला येऊ द्या, मग दुसऱ्याला.