नीट केलेला जबाब

अकराच्या अकरा जबाब भरपाई आयोगाकडून एकाच गठ्ठ्यात परत आले होते. वरच्या कागदावर लाल शाईचा शेरा होता : ‘मजकूर एकसारखा. पढवलेला वाटतो. अर्जदारांनी समक्ष येऊन पुन्हा सांगावे.’

समुपदेशिकेनं तो शेरा तीनदा वाचला. युद्धात अत्याचार सोसलेल्या बायकांच्या केंद्रात ती सहा वर्षं काम करत होती आणि तिथला एक नियम तिनं स्वतः घातला होता : बाईनं एकदाच सांगायचं. पोलिसाला वेगळं, डॉक्टरला वेगळं, भरपाई आयोगाला आणखी वेगळं, अशी जखम दारोदार उघडी करत हिंडायचं नाही. म्हणून तर तिनं ते जबाब जिवापाड मेहनतीनं लिहिले. तुटकी वाक्यं सांधली, मागेपुढे झालेले प्रहर ओळीनं लावले. ‘त्या सकाळी माझ्या आयुष्याचे दोन तुकडे झाले’ हे वाक्य लिहून झाल्यावर तिनं ते स्वतःशीच दोनदा वाचलं होतं. आता मोजलं, तर अकरापैकी सात बायकांच्या आयुष्याचे त्याच शब्दांत दोन तुकडे झाले होते.

पहिली तारीख दुसऱ्याच दिवशीची होती, आणि ती इस्त्रीवालीची होती.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत वाफेनं भिंतींचा रंग सुटला होता. इस्त्रीवालीनं बातमी ऐकली, इस्त्री उभी केली आणि हातातली चादर घडी घालून बाजूला ठेवली.

“चूक माझी आहे, मावशी.”

“चूक तुझी आणि फेरी माझी. छान वाटणी केलीस.”

“तुम्ही नाही म्हणू शकता. तो तुमचा हक्क आहे.”

“हक्क!” इस्त्रीवाली हसली. “माझा दीर चार घरी सांगत सुटलाय, ही आपल्या पायांनी त्या सैनिकांबरोबर गेली म्हणून. त्याच्या तोंडावर फेकायला शिक्क्याचा कागद हवाय मला. हे झालं होतं, एवढंच लिहिलेला. तुझा हक्क घेऊन काय करू, इस्त्री मारून कपाटात ठेवू?”

समुपदेशिकेनं पिशवीतून जबाब बाहेर काढला.

“लिहिलंयस काय, ते तरी वाच.”

तिनं जबाब कधी वाचून दाखवलाच नव्हता. पुन्हा ऐकण्याचा त्रास नको, म्हणून. इस्त्रीवालीला अक्षर येत नव्हतं; तिनं विश्वासानं अंगठा टेकवला होता. समुपदेशिकेनं पहिलं वाक्य वाचलं, आणि वाचता वाचताच ते तिला परकं वाटलं.

“थांब. कुणाचं आहे हे?”

“तुमचंच.”

“मी अशी बोलते?”

“मी फक्त जरा नीट केलं, मावशी.”

“का? मी फाटलेली होते, रफू करायला?” तिनं इस्त्री उचलली. “उद्या मी बोलीन. तू ये, पण तोंड उघडायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी छाननी अधिकाऱ्याच्या खोलीत समुपदेशिकेनं एवढंच केलं : खुर्ची फिरवून इस्त्रीवालीला दार दिसेल अशी ठेवली. अधिकारीणबाई वाईट नव्हत्या. सर्दीनं बेजार होत्या, आणि बाहेर बाकावर आणखी सहा जणी होत्या.

इस्त्रीवाली बोलू लागली. दोरीवरच्या ओल्या चादरी, एकाच पायातली चप्पल, कुणीतरी बाहेर शीळ घालत होतं ते. धड सुरुवात नाही, धड शेवट नाही. समुपदेशिकेचे हात शिवशिवत होते. वाक्य पडलं की उचलावंसं वाटे. तिनं मुठी वळल्या.

“एक मिनिट,” अधिकारीणबाई म्हणाल्या. “आधी सकाळ म्हणालात. आता म्हणता दिवे लागले होते. जबाबात तर सकाळच आहे.”

समुपदेशिकेला राहवलं नाही. “मॅडम, आघातानंतर वेळेची सरमिसळ...”

इस्त्रीवालीनं तिच्याकडे न बघताच हात वर केला.

“सरमिसळ नाही. सकाळी आले होते. दिवे लागल्यावर परत आले. हिला मी दोन्ही सांगितलं होतं.”

सांगितलं होतं. समुपदेशिकेला जबाब लिहून घेतला ती दुपार आठवली, आणि आपलं पेनही. पुस्तकांनी शिकवलं होतं की भेदरलेली स्मृती घड्याळ चुकवते. तिनं मोठ्या समजूतदारपणे ती संध्याकाळ खोडली होती.

अधिकारीणबाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला. “एका अर्जात एकच घटना बसते. दुसरीचा नवा अर्ज, नवी छाननी. चारेक महिने लागतील. यात कुठली ठेवू?”

“तिला विचारा. निवडायची सवय तिलाच आहे.”

समुपदेशिकेच्या घशात क्षमेचे सगळे शब्द तयार होते, आणि ते सगळेच नीट केलेले होते.

“दोन्ही लिहा,” इस्त्रीवाली म्हणाली. “जागा पुरली नाही तर कडेला लिहा. आणि वाचून दाखवा. ऐकल्याशिवाय अंगठा देणार नाही.”

“कडेला लिहायची परवानगी नाही हो, मावशी. वरच्या साहेबांना विचारावं लागेल.”

“विचारा.”

“ते आत्ता बैठकीत आहेत. संध्याकाळपर्यंत तरी सुटायचे नाहीत.”

इस्त्रीवालीनं पदर सारखा केला आणि खुर्चीत पाठ टेकली.

“मग बसते मी.”

अधिकारीणबाईंनी समुपदेशिकेकडे पाहिलं. हिला समजवा, असं. समुपदेशिकेनं शेजारची खुर्ची ओढली आणि काहीच न समजावता बसून राहिली.